‘जखमी’ जोडीदाराचा परतावा

न्यू जर्सीत मुलीकडे मुक्काम असला की माझ्या दुपारी तिथल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये या वाचनालयाच्या एका खोलीत काही निवृत्त मंडळी टेबले मांडून बसतात आणि ज्यांना कर-सल्लागार परवडत नाही अशांची प्राप्तिकराची विवरणपत्रे विनामूल्य भरून देतात. एकदा त्यांच्या टेबलावर एक कोरा फॉर्म तसाच राहिलेला दिसला. क्रमांक ८३७९, मथळा ‘इन्जर्ड स्पाउज अ‍ॅलोकेशन’. मी मनातल्या मनात भाषांतर केले, ‘जखमी जोडीदार’, आणि समजलो की अपघात झालेल्या किंवा घरी मारहाण सोसणाऱ्या बायकांना करात काही सवलत असावी. चांगला देश आहे, असेही वाटून गेले.

टेबलामागच्या गृहस्थांना मी तसे विचारले तेव्हा ते मनापासून हसले. मग त्यांनी सांगितले ते असे. समजा, बायको नोकरी करते. तिच्या पगारातून वर्षभर कर कापला जातो. वर्षाअखेरीस नवरा-बायको मिळून एक संयुक्त विवरणपत्र भरतात आणि हिशेबाअंती कापलेला कर जास्त झाला असे निघते. परतावा यायचा असतो. पण नवऱ्याचे लग्नाआधीचे शैक्षणिक कर्ज थकलेले आहे, किंवा पहिल्या लग्नाच्या मुलाची पोटगी थकली आहे. सरकार काय करते? परतावा नवऱ्याच्या थकबाकीत परस्पर वळता करते. घरी पैशांऐवजी पत्र येते. जिच्या पगारातून पैसे कापले गेले ती या व्यवहारातली ‘इन्जर्ड’. तिने हा फॉर्म भरून आपला हिस्सा वेगळा काढून मागायचा.

कायद्याच्या भाषेत ‘इन्ज्युरी’ म्हणजे नुसती जखम नव्हे. हक्काला पोचलेली बाधा. आपल्याकडच्या १८६० च्या दंडसंहितेतही ‘इन्ज्युरी’च्या व्याख्येत शरीर आणि मन यांच्याबरोबर लौकिक आणि मालमत्ता यांचे नुकसान होतेच. तेव्हा भाषांतर ‘बाधित जोडीदार’ असे करायला हवे. पण माझ्या डोक्यात ‘जखमी’च बसला. फॉर्म नवऱ्यालाही भरता येतो, कायदा तिथे भेद करत नाही. मी पुढे ‘बायको’ म्हणणार आहे, कारण ज्या घराण्यांची कहाणी सांगायची आहे त्यांत बाधा तिलाच झाली होती.

माझा प्रश्न साधा होता. नवऱ्याच्या लग्नाआधीच्या कर्जासाठी बायकोचा पगार जप्त करायला अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत धनको गेला तर त्याला दारातूनच परत पाठवतील. मग तोच पगार सरकारच्या तिजोरीतून फिरून परताव्याच्या रूपाने येऊ लागला की नवऱ्याचा कसा होतो? या एका प्रश्नापायी मी त्या मुक्कामात आणि नंतरही बरेच काही वाचले. उत्तर पावणेदोनशे वर्षांत पसरलेले आहे.

सुरुवात इंग्लंडमधून आलेल्या कायद्याने करावी लागते. ब्लॅकस्टोनने १७६५ पासून प्रसिद्ध केलेल्या भाष्यात इंग्रजी कायद्याचे तत्त्व नोंदवले आहे: लग्नाने नवरा-बायको कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती होतात, आणि बायकोचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात सामावून जाते. व्यवहारात याचा अर्थ असा की तिची जंगम मालमत्ता त्याची. त्याची झाली म्हणजे त्याच्या धनकोंचीही झाली. अमेरिकेने स्वातंत्र्य मिळवले तरी हा कायदा तसाच ठेवला.

त्याला पहिला तडा गेला तो मिसिसिपीत, आणि तोही मोठ्या चमत्कारिक रीतीने. बेट्सी लव्ह नावाची चिकसॉ जमातीची एक स्त्री होती. तिच्या नवऱ्याचे कर्ज वसूल करण्यासाठी धनको तिच्या मालकीच्या एका गुलामावर जप्ती आणू पाहत होता. १८३७ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की हे लग्न चिकसॉ रीतीने झालेले आहे आणि त्या रीतीप्रमाणे बायकोच्या मालमत्तेवर नवऱ्याचा हक्क उत्पन्न होत नाही. म्हणून धनकोचाही नाही. ‘बाधित जोडीदारा’चा जुना दावा म्हणून या खटल्याकडे पाहता येईल, पण ज्याच्या मालकीवरून भांडण चालले होते तो एक जिताजागता माणूस होता हे विसरून त्याचे कौतुक करता येत नाही. त्याच साली अमेरिकेत मोठी मंदी आली, कर्जबाजारीपणा घरोघर पोचला, आणि १८३९ मध्ये मिसिसिपीने विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा केला. त्यातली बरीच कलमे गुलामांबद्दलच आहेत. बायकांचे हक्क हा त्यामागचा हेतू होता असे मला वाटत नाही. बापाने मुलीला दिलेले जावयाच्या सावकाराने नेऊ नये, एवढीच काळजी होती. न्यूयॉर्कचा कायदा १८४८ चा. आणि बायकोने स्वतःच्या श्रमाने कमावलेली मजुरी तिचीच, हे न्यूयॉर्कने मान्य केले १८६० मध्ये. एकेक करत इतर राज्ये मागोमाग आली. एकोणिसावे शतक संपता संपता दोन थैल्या वेगळ्या झाल्या होत्या.

त्या पुन्हा एक केल्या करकायद्याने.

अमेरिकेचा आधुनिक प्राप्तिकर १९१३ चा. १९१८ च्या महसूल कायद्याने नवरा-बायकोला हवे तर एकच विवरणपत्र भरण्याची मुभा दिली. तेव्हा ती केवळ सोय होती. पण कराचे दर चढत्या भाजणीचे असल्याने श्रीमंत नवऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले की एकाचे मोठे उत्पन्न दोघांत अर्धे अर्धे दाखवता आले तर कर पुष्कळ वाचतो. सॅन फ्रान्सिस्कोचे वकील गाय अर्ल यांनी १९०१ मध्येच, म्हणजे हा कर येण्याच्या आधी, बायकोशी लेखी करार केला होता की दोघांपैकी कोणी काहीही मिळवले तरी ते दोघांचे. त्या आधारावर त्यांनी अर्धेच उत्पन्न आपले म्हणून दाखवले. मार्च १९३० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी ते फेटाळले. झाड ज्याचे, फळ त्याच्याच नावावर धरायचे, अशा अर्थाची त्यांची उपमा पुढे करकायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ झाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच न्यायालयापुढे वॉशिंग्टन राज्यातले सीबॉर्न दांपत्य आले. (हे वॉशिंग्टन म्हणजे राजधानी नव्हे, पॅसिफिकच्या काठचे, सिएटलचे राज्य.) सीबॉर्न एका कंपनीचे उपाध्यक्ष. त्यांनीही १९२७ चे उत्पन्न अर्धे अर्धे वाटून दोन विवरणपत्रे भरली होती. फरक एवढाच की त्यांच्या राज्यात स्पॅनिश परंपरेतून आलेला सामाईक मालमत्तेचा कायदा होता. संसार चालू असताना कोणीही कमावले तरी ते जन्मतःच दोघांचे, अशी त्याची धारणा. न्यायालय म्हणाले, इथे करार नाही, राज्याचा कायदाच तसा आहे. नवऱ्याच्या पगाराचा अर्धा भाग पहिल्या क्षणापासून बायकोचा आहे. सीबॉर्न जिंकले.

म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोतला करार हरला आणि सिएटलकडचा कायदा जिंकला. परिणाम व्हायचा तोच झाला. १९४० च्या दशकात ओक्लाहोमा, ओरेगन, मिशिगन, नेब्रास्का, पेनसिल्व्हेनिया अशी राज्ये, ज्यांचा स्पॅनिश परंपरेशी काडीचा संबंध नव्हता, केवळ कर वाचावा म्हणून सामाईक मालमत्तेचे कायदे करू लागली. शतकभर झगडून वेगळी केलेली बायकोची थैली पुन्हा एकत्र करायला आता खुद्द विधिमंडळे निघाली होती. शेवटी १९४८ मध्ये काँग्रेसने साऱ्याच जोडप्यांना संयुक्त विवरणपत्रावर उत्पन्न अर्धे करून कर मोजण्याचा लाभ दिला. महागाईच्या काळात एवढी करकपात नको म्हणून राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला होता. काँग्रेसने तो धुडकावून कायदा संमत केला. तेव्हापासून संयुक्त विवरणपत्र ही अमेरिकन जोडप्याची सहज सवय झाली.

मधल्या काळात एक गोष्ट फारसा गाजावाजा न होता झाली होती. संयुक्त विवरणपत्रावर सही केली की कराच्या पूर्ण रकमेला दोघेही जबाबदार का? १९३५ मध्ये एका अपील न्यायालयाने नाही म्हटले. १९३८ च्या कायद्याने काँग्रेसने होय म्हटले: जबाबदारी संयुक्त आणि प्रत्येकाची स्वतंत्रही. नवऱ्याने उत्पन्न दडवले आणि बायकोने डोळे झाकून सही केली, तरी सगळा कर तिच्याकडून वसूल होऊ शकतो. या कलमाने पुढे अनेक घटस्फोटितांचे संसार नासवले. १९७१ मध्ये, नंतर १९८४ आणि १९९८ मध्ये दुरुस्त्या करून ‘निर्दोष जोडीदार’ नावाची सूट काढावी लागली. तिचा फॉर्म निराळा, ८८५७. निर्दोष आणि जखमी या दोन जोडीदारांची गल्लत वाचनालयातल्या त्या टेबलावरही रोज होते, असे स्वयंसेवक सांगत होते. निर्दोष म्हणते, हा कर माझा नाही. जखमी म्हणते, हा परतावा माझा आहे.

पण परतावाच नसेल तर तो अडकणार कसा? १९४३ पर्यंत बहुतेक अमेरिकनांना परतावा ही वस्तू ठाऊक नव्हती, कारण कर पुढच्या वर्षी स्वतः नेऊन भरायचा असे. दुसऱ्या महायुद्धात कर सामान्य कामगारापर्यंत पोचला तेव्हा ही पद्धत चालेना. मेसीज या दुकानसमूहाचे खजिनदार बीर्ड्सली रम्ल यांनी ‘कमवाल तसे भरा’ या कल्पनेचा प्रचार केला आणि जून १९४३ च्या कायद्याने पगारातून कर कापायला सुरुवात झाली. कपात अंदाजाने होते, म्हणून जास्तीची होते, म्हणून परतावा येतो. गरीब घरात हा परतावा म्हणजे वर्षातून एकदाच हाती येणारी मोठी रक्कम. थकलेले भाडे, गाडीची दुरुस्ती, मुलांचे दात, सारे त्याच्यावर ढकललेले असते. आपल्याकडे शेतकरी जसा ‘पट्टी आल्यावर बघू’ म्हणतो, तसे तिथले लोक ‘रिफंड आल्यावर’ म्हणतात.

सरकारचे लक्ष या रकमेकडे जायला मात्र बराच वेळ लागला. लुइझियानाचे सिनेटर रसेल लाँग हे सिनेटच्या वित्त समितीचे बलाढ्य अध्यक्ष. १९७५ साली अमलात आलेल्या दोन गोष्टींमागे त्यांचा हात होता. पहिली, मुलांना सोडून गेलेल्या बापांकडून पोटगी वसूल करण्याची संघराज्याची योजना. दुसरी, कमी पगारावर राबणाऱ्या कुटुंबांना करातून मिळणारे ‘अर्न्ड इन्कम क्रेडिट’. कर शून्य झाल्यावरही उरलेली रक्कम यात रोख हाती येते. दोन्ही योजना लोकांना सरकारी मदतीवरून काढून स्वतःच्या पायावर उभे करण्यासाठी होत्या. एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेल्या या दोन योजना अकरा वर्षांनी न्यायालयात समोरासमोर उभ्या राहिल्या.

झाले असे. १९८१ मध्ये रेगन सरकारच्या पहिल्याच वर्षी आलेल्या अर्थसंकल्पीय कायद्याने करखात्याला अधिकार दिला की सरकारी मदत घेणाऱ्या मुलांची पोटगी बापाने थकवली असेल तर ती त्याच्या परताव्यातून कापून राज्याला द्यावी. वॉशिंग्टन राज्यात, सीबॉर्न यांच्याच राज्यात, मेरी सोरेन्सन राहत होती. तिचा नवरा स्टॅन्ली याच्यावर पहिल्या लग्नाच्या मुलाची पोटगी चढली होती. १९८१ मध्ये तो अपंगत्वामुळे बेकार होता. घरात कमावणारी मेरी, आणि तिच्यावर अवलंबून असलेले एक मूल. त्यांनी फेब्रुवारी १९८२ मध्ये संयुक्त विवरणपत्र भरले. चौदाशे डॉलरच्या आसपास परतावा यायचा होता: काही भाग तिच्या पगारातल्या जास्तीच्या कपातीचा, काही त्या क्रेडिटचा. करखात्याने कळवले की त्यातला बहुतेक भाग स्टॅन्लीच्या पोटगीपोटी ठेवून घेत आहोत.

मेरी न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे की क्रेडिट हा काही जास्त भरलेला कर नव्हे. तो माझ्या घरातल्या मुलासाठी, माझ्या कामावर मिळालेला आधार आहे. तो कापता येत नाही. देशातल्या दोन अपील न्यायालयांनी अशाच इतर खटल्यांत हे म्हणणे उचलून धरले होते. मेरीच्या अपील न्यायालयाने मानले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल १९८६ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी मेरी हरली. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लिहिले की कायद्याच्या शब्दांत असे क्रेडिट ‘जास्त भरणा’ म्हणूनच धरले आहे. एका बाजूला क्रेडिटचा हेतू आणि दुसऱ्या बाजूला पोटगी वसूल करून मदतीवरचा बोजा कमी करण्याचा हेतू, यांचा तोल सांभाळणे हे काँग्रेसचे काम. असहमत होते एकटे न्यायमूर्ती स्टीव्हन्स.

हा निकाल मी तीन वेळा वाचला. शब्दांचा अर्थ लावण्यात चूक काढणे कठीण आहे. आणि मेरीची बाजू घेताना पहिल्या घरातल्या त्या मुलाला विसरणेही बरोबर नाही. त्याच्या पोटाचा हक्क खराच होता. फक्त तो हक्क भागवायला दुसऱ्या घरातल्या मुलाची ताटली पुढे ओढली गेली, आणि दोन्ही ताटल्या सरकारनेच वाढलेल्या होत्या.

सामाईक मालमत्तेच्या कायद्याने आणखी एक गंमत केली आहे. गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. १९३० मध्ये कंपनीच्या उपाध्यक्षाचा निम्मा पगार बायकोचा ठरला तेव्हा जोडप्याचा कर वाचला. तेच तत्त्व उलटे फिरवले की राबणाऱ्या बायकोचा निम्मा पगार नवऱ्याचा ठरतो, आणि नवऱ्याचा म्हणजे त्याच्या धनकोचा. आज अमेरिकेत असा कायदा असलेली नऊ राज्ये आहेत. तिथे राहणाऱ्या ‘जखमी’ जोडीदाराला किती पैसे परत मिळतील हे तिच्या कमाईवरून ठरत नाही, ती कुठल्या राज्यात राहते यावरून ठरते. २००४ मध्ये करखात्याने यासाठी चार वेगवेगळे निर्णय काढले. कॅलिफोर्नियाला एक न्याय, टेक्सासला दुसरा. म्हणून फॉर्म ८३७९ वर राज्याचा प्रश्न सुरुवातीलाच विचारला आहे.

निर्दोष आणि जखमी यांचा भेद लक्षात घेताना मला सारखी आठवण येत होती ती मिताक्षरेची. बाराव्या शतकाच्या आसपास, कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर लिहिलेले हे भाष्य. महाराष्ट्रात हिंदू कायद्याचा आधार म्हणून ते विसाव्या शतकापर्यंत न्यायालयांत चालत होते, आणि म. म. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात ऋणादानाची सारी चर्चा आहे. याज्ञवल्क्याचा नियम असा: कुटुंबासाठी काढलेले नसेल तर नवऱ्याचे किंवा मुलाचे ऋण बायकोने फेडू नये. तिने फेडायचे ते तीनच प्रकारचे ऋण: जे फेडण्याचे तिने कबूल केले आहे ते, जे नवऱ्याबरोबर मिळून केले आहे ते, आणि जे स्वतः केले आहे ते. या चाळणीतून अमेरिकेचे दोन्ही फॉर्म घालून पाहा. निर्दोष जोडीदाराने संयुक्त विवरणपत्रावर सही केलेली असते. ऋण ‘नवऱ्याबरोबर मिळून केलेले’ ठरते, आणि याज्ञवल्क्याकडे तिची सुटका कठीण. जखमी जोडीदाराची सही मात्र कर्जाच्या कागदावर कुठेच नाही. तिला त्याच्या न्यायात फॉर्म भरण्याची गरजच पडू नये.

याज्ञवल्क्य उलट बाजूही बघतो. गवळी, मद्य करणारा, नट, परीट आणि पारधी यांच्या बायकांनी केलेले कर्ज मात्र नवऱ्याने फेडावे, कारण या घरांची उपजीविका बायकांवर चालते. घर कोणाच्या कमाईवर चालते हे बघून ऋण कोणाचे ते ठरवा, एवढे भान त्या काळी होते. पण आपल्या परंपरेची पाठ फार थोपटायला नको. त्याच स्मृतीत दुष्काळ, धर्मकार्य, आजार किंवा कैद अशा प्रसंगी नवऱ्याने वापरलेले स्त्रीधन परत करायचे त्याच्यावर बंधन नाही. कात्यायनाने तर बायकोने हस्तकौशल्याने मिळवलेल्या धनावर नवऱ्याचेच स्वामित्व सांगितले आहे. म्हणजे बापाने घातलेल्या पाटल्या तिच्या, आणि तिने सूत कातून मिळवलेला पैसा त्याचा. मजुरीच्या प्रश्नावर कात्यायन आणि ब्लॅकस्टोन एकाच पाटावर बसतात.

आजच्या भारतात हा प्रश्न उठत नाही, तो एका साध्या कारणाने. आपल्याकडे नवरा-बायकोचे संयुक्त विवरणपत्रच नाही. हिंदू एकत्र कुटुंब हा स्वतंत्र करदाता आहे, पण पगारदार बायकोचे विवरणपत्र तिचे एकटीचे. बायकोच्या नावावर मालमत्ता करून नवरे कर वाचवतात म्हणून १९३७ पासून काही उत्पन्ने नवऱ्याच्या खात्यात मिळवण्याची तरतूद आली, ती १९६१ च्या कायद्यात कलम ६४ म्हणून राहिली. आणि परतावा थकबाकीत वळता करण्याचे कलम २४५ होते ते ज्याची थकबाकी त्याच्याच परताव्यापुरते, आणि आधी कळवून. आपल्या करखात्याबद्दल चांगले बोलण्याचे प्रसंग फार येत नाहीत. हा एक नोंदवून ठेवतो.

तिकडे न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींना हा फरक सहसा लग्नानंतर कळतो. इथून गेलेली मुलगी किंवा मुलगा तिथे वाढलेल्या जोडीदाराशी लग्न करतो. त्या जोडीदाराच्या डोक्यावर महाविद्यालयाचे कर्ज असते. कर्ज असण्यात काही अडचण नाही. ते थकीत झाले आणि सरकारी यादीत गेले की अडचण सुरू होते. १९८४ च्या कायद्याने संघराज्याच्या इतर खात्यांची येणी, त्यात शैक्षणिक कर्जेही आली, परताव्यातून कापायची सोय केली. १९९६ च्या कायद्याने ही सारी वसुली अर्थखात्याच्या एका केंद्रीय यंत्रणेकडे सोपवली. पैसे निघण्यापूर्वी नाव आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक यादीशी ताडून पाहायचा, जुळला की रक्कम वळती. आधी वळते, मग कळते. कर्जदाराला आगाऊ नोटीस जाते हे खरे; पण ती कर्जदाराला जाते. बायकोच्या हातात ती पडतेच असे नाही. बऱ्याच नवऱ्यांच्या बाबतीत ती टेबलाच्या खणात जाते.

मग वेगवेगळी विवरणपत्रे का भरू नयेत? भरता येतात. पण १९४८ पासून कायद्याने संयुक्त भरणाऱ्यांना इतके झुकते माप दिले आहे की वेगळे भरणाऱ्याचे शैक्षणिक सवलतींवर पाणी पडते आणि मेरी सोरेन्सनला मिळाले होते ते क्रेडिटही सहसा जाते. सरकार म्हणते एकत्र या, आणि एकत्र आल्यावर म्हणते, बरे झाले, आता दोघांचे एकदम मोजतो.

विलंबाची गोष्ट इथे येते. करखात्याच्याच सूचनांप्रमाणे फॉर्म ८३७९ कागदी संयुक्त विवरणपत्राबरोबर दिला तर सुमारे १४ आठवडे लागतात, संगणकावरून एकत्र पाठवला तर ११, आणि परतावा कापला गेल्यानंतर एकटा पाठवला तर ८. शेवटचा आकडा लहान दिसतो, पण तो मोजायला सुरुवात होते तेव्हा आधीचे आठवडे गेलेलेच असतात. अर्न्ड इन्कम क्रेडिट मागणाऱ्यांचा परतावा तर २०१५ च्या एका कायद्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मुळातच थांबवून ठेवतात. वाचनालयात त्या दिवशी ज्या बाईसाठी फॉर्म काढला होता तिला स्वयंसेवकांनी हे आठवडे सांगितले तेव्हा तिने बोटांवर महिने मोजले. जूनचा शेवट, ती म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही.

एवढा वेळ का लागतो? प्रत्येक उत्पन्न, प्रत्येक वजावट, प्रत्येक मूल कोणाच्या बाजूला टाकायचे हे माणसाने बसून वाटायचे असते, आणि दोघांनी वेगवेगळी विवरणपत्रे भरली असती तर काय झाले असते असे धरून हिशेब पुन्हा करायचा असतो. क्रेडिटचे वाटप कठीण आहे हे मला मान्य आहे. पण पगारातल्या कपातीचे काय? मालकाने पाठवलेल्या प्रत्येक वेतनपत्रकावर तिचे नाव, तिचा क्रमांक आणि कापलेली रक्कम सरकारकडे जानेवारीतच पोचलेली असते. नवऱ्याचे नाव यादीत शोधायला जे यंत्र क्षणभर घेते, त्याच यंत्राला तिचे नाव तिच्या कपातीपुढे शोधता येऊ नये, हे मला पटलेले नाही. निदान सामाईक मालमत्तेचा कायदा नसलेल्या राज्यांत तरी सरकारला तेवढा हिस्सा न मागता सोडता येईल. कायदा बायकोबद्दल बोलतो तो एवढाच: संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला आपला योग्य हिस्सा मिळवण्यासाठी काय करता येईल ते कळवावे. हिस्सा द्यावा असे नाही. तो कसा मागावा ते कळवावे.

आणि मागूनही काय होते ते २०२० मध्ये दिसले. महासाथीच्या पहिल्या लाटेत काँग्रेसने माणशी १,२०० डॉलरपर्यंत मदत दिली आणि ती जवळपास सगळ्या सरकारी वसुलीतून मुक्त ठेवली. अपवाद फक्त थकलेल्या पोटगीचा. मदतीची रक्कम विवरणपत्रांवरून ठरत होती. ज्या बायकांनी किंवा नवऱ्यांनी त्या विवरणपत्राबरोबर फॉर्म ८३७९ आधीच जोडला होता, त्यांच्यातल्या अनेकांचा वाटाही जोडीदाराच्या पोटगीत गेला. ऑगस्टमध्ये करखात्याने जाहीर केले की अशा सुमारे ५०,००० जणांना सप्टेंबरमध्ये धनादेश पाठवू, त्यांनी काही करण्याची गरज नाही. मदत एप्रिलपासून वाटली जात होती.

पोटगीच्या प्रकरणात विलंबाची आणखी एक बाजू आहे, आणि ती मला शेवटी समजली. कापलेला पैसा संयुक्त विवरणपत्रातला असेल तर राज्याला तो सहा महिन्यांपर्यंत थांबवून ठेवता येतो, कारण दुसरी बायको आपला हिस्सा मागेल आणि दिलेले पैसे परत घ्यावे लागतील अशी धास्ती असते. म्हणजे इकडे मेरीसारखी बाई आपल्या पगाराची वाट पाहत बसते, आणि तिकडे पहिल्या घरातली आई पोटगीची. पैसे दोघींपैकी कोणाच्याच घरात नसतात.

पुढच्या मार्चमध्ये मी पुन्हा त्या वाचनालयात होतो. तीच टेबले, बहुतेक तीच माणसे. आता ते विवरणपत्र भरायला घेण्याआधीच विचारत होते, दोघांपैकी कोणाचे काही सरकारी देणे थकले आहे का. होय म्हटले की ८३७९ पहिल्यापासूनच बरोबर जोडायचा. कागदावर पाठवणाऱ्यांसाठी त्यात एक सूचना आहे: संयुक्त विवरणपत्राच्या पहिल्या पानावर, वरच्या डाव्या कोपऱ्यात, ‘इन्जर्ड स्पाउज’ हे शब्द लिहावेत. एका तरुण मुलीला ते दाखवत होते. तिने पेन घेतले, नवऱ्याकडे एकदा पाहिले, आणि ते दोन शब्द नीट, मोठ्या अक्षरांत लिहिले.